माणशी चौदा छटाक

नोकरीला लागलो तेव्हा पहिली पाच-सहा वर्षे माझ्याकडे रेशनकार्डांचे टेबल होते. काम तसे सोपे. मूल जन्मले की दाखला बघून नाव चढवायचे, मुलगी लग्न होऊन गेली की कमी करायचे, घरातले म्हातारे माणूस गेले की मृत्यूचा दाखला जोडून त्याच्या नावावर आडवी रेघ मारायची. माणशी इतका तांदूळ, इतकी साखर, इतके रॉकेल. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला या कामाचा कंटाळा यायला हवा होता, आणि तो येतही होता.

एका सकाळी एक बाई आली. कडेवर एक मूल, हाताला धरून दोन. नवरा तारवटी, बोटीवर. कार्डावर नाव नवऱ्याचे आणि सासूचे. सासू वारलेली, नवरा समुद्रात. म्हणजे कार्डावरची दोन्ही माणसे त्या घरात जेवत नव्हती आणि जेवणाऱ्या चौघांपैकी एकाचेही नाव कार्डावर नव्हते. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मुलांचे जन्मदाखले आणा, असे मी नियमाप्रमाणे सांगितले. ती म्हणाली, "सायबा, कागद येतलो तेन्ना येतलो. तोंवर हांणी कितें खावचें?" मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा पुढच्या सोमवारी या, म्हणालो असेन.

ही बाई इतक्या वर्षांनी आठवली ती मॉरिशसमुळे. मी काही मॉरिशसला गेलेलो नाही आणि जाण्याचा संभवही नाही. पण आपल्या शेजारचे, तेरेखोलच्या पलीकडचे सावंतवाडी-मालवणचे आणि त्याहून वर रत्नागिरीचे लोक तिथे उसाच्या मळ्यांवर गेले, तिथेच राहिले, आणि आजही तिथे गणपती बसवतात, एवढे ऐकून होतो. गेल्या पावसाळ्यात पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्याविषयी वाचत बसलो असताना एका पानावर शिध्याचा तक्ता दिसला आणि माझ्यातला जुना रेशनवाला कारकून जागा झाला.

तक्ता १८३४ सालचा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कलकत्त्याला ३६ मजुरांशी करार झाला आणि २ नोव्हेंबरला 'अॅटलस' नावाच्या जहाजातून ते पोर्ट लुईस बंदरात उतरले. गुलामगिरी संपत आली होती. मॉरिशसमध्ये ती १ फेब्रुवारी १८३५ रोजी रद्द झाली. ऊस तोडायला माणसे तर हवीच होती, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायचा हा प्रयोग. कागदात या लोकांना 'धांगर' म्हटले आहे. वाचताना मला आपले धनगरच वाटले, पण हे छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी, त्या भागात त्यांना तसे म्हणत. आपल्या कोकणातली माणसे मागाहून गेली. मध्ये काही काळ ही मजूरभरती सरकारने बंद ठेवली होती. १८४२ मध्ये ती पुन्हा खुली झाली तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही तिच्यासाठी उघडले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या इतर दोन बंदरांपेक्षा पुष्कळ कमी, तरी मॉरिशसच्या मराठी वस्तीचे मूळ तेच.

आता तो तक्ता. पगार महिना पाच रुपये. सहा महिन्यांची रक्कम आगाऊ. परतीच्या भाड्यापोटी महिन्याला एक रुपया कापून ठेवायचा. कपड्यांत घोंगडी, धोतरे, टोपी वगैरे. आणि रोजचा शिधा माणशी चौदा छटाक तांदूळ, दोन छटाक डाळ, अर्धा छटाक मीठ, शिवाय थोडे तेल आणि चिंच.

छटाक हे माप आता कोणाला आठवत नाही. सोळा छटाकांचा शेर, म्हणजे एक छटाक अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. तेव्हा चौदा छटाक म्हणजे आठशे ग्रॅमच्या थोडा वर तांदूळ, आणि डाळ एकशे पंधरा ग्रॅम. प्रथम मला हे चांगले भरपूर वाटले. आमच्या घरी चार माणसांना एका वेळी एवढा तांदूळ लागत नाही. पण पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या माणसाचे पोट फायलींत डोके घालून बसणाऱ्याच्या पोटावरून मोजू नये. हिशेब केला तर त्या शिध्यातून तीन हजारांच्या वर कॅलरी मिळतात, म्हणजे कष्टाच्या एका दिवसाला पुरेल एवढे. तक्ता करणारा अडाणी नव्हता. दुष्टही नसावा. आपल्यासारखाच कोणी कारकून असेल आणि एका गड्याला किती लागते हे त्याने नीट विचारून लिहिले असेल.

चूक 'माणशी' या शब्दात होती. माणूस म्हणजे करारावर अंगठा देणारा गडी. पहिल्या चार-पाच वर्षांत तो एकटाच जात असे, बायका मूठभरच गेल्या, तोवर हिशेब जुळत होता. १८४२ नंतर बायकांनीही जावे, वसाहतीत संसार उभे राहावेत, असे सरकारचेच धोरण झाले. बायका गेल्या, मुले झाली. पण मॉरिशसमध्ये बायकांना सहसा कराराने बांधत नसत. आपण म्हणू, बरे झाले, निदान त्या तरी मोकळ्या. ते खरेच आहे. पण करार नाही त्याला शिधा नाही. ज्या घरात नवरा, बायको आणि तीन मुले, त्या घरात शिधा एकाचाच यायचा. आठशे ग्रॅमपैकी निम्मा तांदूळ काम करणाऱ्याने खाल्ला, आणि त्याने तो खायलाच हवा, नाही तर उद्या उभा राहणार नाही, तर उरलेल्या चौघांच्या वाट्याला माणशी शंभर ग्रॅम. डाळ तर विचारूच नका. त्या चौघांतही शेवटी कोण जेवले असेल हे सांगायला ग्रंथालयात जायची गरज नाही. आपल्या आज्या कशा जेवत ते आपण पाहिलेले आहे.

बाकीचे पैसे देऊन आणावे म्हटले तर पैशांची कथा आणखी वेगळी. मॉरिशसच्या मजूर-कायद्यात 'दुहेरी काट' म्हणून एक प्रकार होता. परवानगीवाचून एक दिवस कामाला आला नाही की दोन दिवसांचा पगार कापायचा. पाच रुपयांचे ऐंशी आणे, महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले तर दिवसाला तीन आणे. चार दिवस खाडा झाला की आठ दिवस कापले, म्हणजे दीड रुपया गेला. आजारपणाला कायद्यात सूट होती, पण खरा आजारी कोण आणि कामचुकार कोण हे ठरवणार मळ्यावरचाच माणूस. आणि १८६६-६७ मध्ये बेटावर हिवतापाची अशी साथ आली की हजारो माणसे दगावली. त्यानंतर ताप हा तिथल्या मजुराच्या आयुष्याचा कायमचा सोबती झाला. त्यात पगार वेळेवर द्यायचा नाही, दोन-दोन, तीन-तीन महिने तुंबवून ठेवायचा, ही मळेवाल्यांची सर्रास रीत. हातात पैसा नाही म्हणजे उधारी, आणि उधारीचा भाव दुकानदार सांगेल तो.

याविरुद्ध दाद मागितली गेली तीही आठवण्यासारखी. अडॉल्फ द प्लेविट्झ नावाचा एक गोरा गृहस्थ स्वतः मळ्याची व्यवस्था बघणारा. त्याने मजुरांच्या तक्रारी एकत्र करून १८७१ मध्ये अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या-अंगठे घेतले. बेटावरच्या गोऱ्या समाजाने त्याला भर रस्त्यात मारहाण करण्यापर्यंत मजल गाठली. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडहून शाही चौकशी आयोग आला. फ्रियर आणि विल्यमसन असे दोन सदस्य, त्यातले फ्रियर मुंबई इलाख्यात न्यायाधीश राहिलेले. अहवालात दुहेरी काट आली, थकलेले पगार आले, परवाने तपासण्याच्या नावाखाली पोलिसांनी चालवलेली धरपकड आली. १८७८ मध्ये नवा मजूर-कायदाही झाला. त्या चौकशीविषयी मी वाचले त्यात एक प्रश्न मला कुठे आढळला नाही. तुमच्या घरी चुलीवर काय शिजते, असे कोणी एखाद्या बाईला विचारल्याचे दिसत नाही. बायका करारावर नव्हत्या, त्यामुळे त्यांची तक्रारही नव्हती, असा बहुधा सगळ्यांचा समज.

मग ही घरे जगली कशी? याचे उत्तर तिथल्या आजच्या ताटात सापडते, असे मला वाटते. मॉरिशसच्या क्रिओल भाषेत पालेभाजीला 'ब्रेद' म्हणतात, आणि तिचे प्रकार वाचताना मी चकित झालो. 'ब्रेद मुरुम' म्हणजे शेवग्याचा पाला, आपल्या मस्कासांगेचा. मुरुम हा शब्द तामिळ लोकांनी नेलेला. 'ब्रेद सोंज' म्हणजे आळूची पाने, आपले तेरें म्हणा. 'ब्रेद जिरोमों' म्हणजे भोपळ्याचे कोवळे वेल. हा पाला भरपूर पाण्यात कांदा-लसणीबरोबर उकळून पातळ सार करायचे आणि ते भातावर ओतायचे, याला म्हणतात 'बुइयाँ ब्रेद'. बरोबर तोंडी लावायला खारवलेली मासळी नाही तर चटणी. आज हे सारे तिथे सगळ्याच जातीधर्मांच्या घरांत कौतुकाने खातात आणि पर्यटकांनाही वाढतात. पण जरा विचार करा, या यादीत विकत आणायचे काय आहे? आळू ओढ्याकाठी फुकट, शेवगा झोपडीच्या दाराशी, भोपळ्याचा वेल छपरावर. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत वाळूतून वेचून आणायचे बारीक शिंपले, त्यांना 'टेकटेक' म्हणतात, त्यांचेही सारच करतात. आपल्याकडे खुबे-तिसऱ्यो काढायला ओहोटीला बायका जातात, तसेच. पातळ साराचा गुण असा की थोडा भातही ताटभर दिसतो. आमच्या आजीच्या पेजेचे तत्त्व हेच होते.

मालवणकडे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या करतात. म्हणजे कोकणातून गेलेल्या बाईला हा पाला काही नवा नव्हता. गावी जो सणाला आणि अडीअडचणीला असे, तो तिथे रोजचा झाला एवढेच.

दुसरा आधार दुभत्याचा. मळ्यावरच्या मजुरांनी गाई पाळल्या, शेळ्या, कोंबड्या पाळल्या. उसाच्या बांधावरचे गवत आणि उसाचे वाढे कापून आणायचे काम बायका-पोरांचे. दूध मात्र घरात प्यायचे नाही, विकायचे. हा भाग वाचताना मला थोडा रागच आला. आपल्याकडे अशा गोष्टींचे 'काटकसर' म्हणून कौतुक करायची सवय आहे. ज्या घरातले दूध विकले जाते त्या घरातल्या पोरांची हाडे कशी वाढली असतील, याचा हिशेब कौतुकात धरला जात नाही. शिवाय दर शनिवार-रविवारी पगाराचा काही भाग रमच्या दुकानात जायचा. बेटभर ऊस, तेव्हा रमला काय तोटा! पूर्वजांविषयी लिहिताना आपण हा परिच्छेद गाळतो. गाळू नये.

तिसरा आधार दुकानाच्या वहीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे गावोगावी चिनी माणसांची किराणा दुकाने उभी राहिली. दुकानाला क्रिओलमध्ये 'लाबुतिक' म्हणतात. चिनी दुकानदार आठवड्याचा नाही तर महिन्याचा माल वहीवर मांडून द्यायचा, पगार झाला की हिशेब. पावशेर तेल, दोन सुट्या काड्या, मिठाची पुडी, एवढेसे मागितले तरी देणार. या दुकानदारांविषयी दोन्ही तऱ्हेच्या गोष्टी सांगतात, लुबाडल्याच्याही आणि तारल्याच्याही. आपल्या वाड्यावरचा पोसरकार आठवा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा ते समजेल. एक मात्र नक्की. त्या वहीवर नाव घालायला करार लागत नसे. घरात पाच तोंडे आहेत हे त्या दुकानदाराला माहीत होते, मळ्याच्या कचेरीला नव्हते.

यातून काही घरे वर आली, ही या इतिहासातली सर्वांत आश्चर्याची गोष्ट. १८७० नंतर साखरेचा धंदा घसरू लागला तेव्हा मळेवाले कडेच्या, हलक्या जमिनी तुकडे पाडून विकू लागले. त्या घेणारे बरेचसे हे जुने मजूरच. पाच-पाच रुपये पगाराच्या माणसांकडे जमीन घ्यायला पैसा कुठून आला, याचे उत्तर इतिहासकार 'बचत' असे देतात. त्या बचतीत ते न प्यायलेले दूध आणि तो फुकटचा पाला आहे, असे मी समजतो. गंमत पाहा, जमीन हाती आल्यावर या लोकांनी तीत भात किंवा भाजी लावली नाही. ऊसच लावला, कारण नगद पैसा उसालाच. तांदूळ पुन्हा दुकानातूनच.

आणि तो तांदूळ बेटावर कधी पिकतच नव्हता. सगळी जमीन उसाखाली, खाणे सगळे जहाजाने बाहेरून. हिंदुस्थानचा तांदूळ, मग ब्रह्मदेशचा. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तांदूळ थांबला. आमची आजी सांगायची, त्या सुमारास इथे गोव्यातही रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला आणि घराघरांत कणग्या आणि नाचणीवर दिवस काढले. मॉरिशसला सरकारने मळेवाल्यांना उसाची काही जमीन मोडून मका आणि मॅनिऑक, म्हणजे साबुदाण्याचा कंद, लावायला भाग पाडले. भातावर वाढलेली माणसे मका आणि गव्हाच्या पिठावर आली. महागाई वाढली, पगार तेच. सप्टेंबर १९४३ मध्ये उत्तरेकडच्या बेल व्यू हारेल मळ्यावर मजुरांनी पगारवाढीसाठी काम बंद ठेवले आणि २७ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांत अंजले कुपेन ही तरुण मजूर बाई होती, त्या वेळी गरोदर. तिचे नाव आज तिथल्या एका मोठ्या स्टेडियमला आहे. १८३४ च्या तक्त्यात जिच्यासाठी रकाना नव्हता, ती शंभरावर वर्षांनी स्वतःच्या पगारासाठी उभी होती.

मॉरिशसची भरती १९१० मध्ये थांबली. तोवर सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून तिथे गेली होती आणि साधारण तिघांतले एक परत आले. ज्या धक्क्यावर ती उतरत तिथल्या सोळा दगडी पायऱ्या जपलेल्या आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. २ नोव्हेंबरला तिथे सुटी असते, गणेश चतुर्थीलाही असते. चलन आजही रुपयाच. मराठी मंडळी कोकणातली जाखडी नाचतात, तिला 'झाकरी' म्हणतात. मोका या गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या मजुरांची रजिस्टरे आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, जहाज, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. आपले मूळ गाव शोधणारे लोक तिथून सुरुवात करतात. कारकुनांनी केलेल्या कामाचा एवढा तरी उपयोग झाला, म्हणून मला बरे वाटले.

त्या रजिस्टरांविषयी वाचून झाल्यावर ग्रंथालयातून बाहेर पडलो आणि बसच्या रांगेत उभा असताना ती तारवट्याची बायको पुन्हा आठवली. सगळे कागद गोळा करून ती आली तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. चारही नावे मीच माझ्या हाताने चढवली, शिक्का मारला, सही घेतली. मधल्या तीन महिन्यांत तिने चुलीवर काय ठेवले, हे मात्र मी तिला विचारले नाही.